वाचक विचारतात : सचोटीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

व्यवस्थापनातल्या नीतिमत्तेवर या महिन्यात आलेली पत्रे वाचताना जाणवले, की योग्य काय हे लिहिणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. अडते ते वरून आलेल्या आकड्यापाशी. उत्पादनाचे उद्दिष्ट, पेमेंटची मुदत, मार्चअखेरची विक्री हे आकडे ठरतात तेव्हा नीतीचा निर्णयही होऊन गेलेला असतो. खालच्या माणसाच्या हाती उरते ती फक्त सही. म्हणून या वेळच्या उत्तरांत उपदेश कमी आणि तारखा, रकमा, नटबोल्ट जास्त आहेत. कंपनी कायदा, हिशेब आणि कारखाना-सुरक्षा या तीन क्षेत्रांतल्या जाणकारांनी ती मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमची कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते, उलाढाल ३०० कोटींच्या आसपास. लहान पुरवठादारांना महिनाअखेरीपासून ६० दिवसांनी पैसे द्यायची जुनी पद्धत आहे. लहान पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांत देण्याच्या नियमामुळे वरिष्ठांनी दोन तोडगे काढले आहेत. एक, जास्त मुदत मान्य असल्याचे पत्र प्रत्येकाकडून सही करून घ्यायचे. दोन, ज्यांना पुढेही ऑर्डर हवी आहे त्यांनी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करावी, असे तोंडी सांगायचे. दोन्ही कामे माझ्या गळ्यात आली आहेत.
— खरेदी व्यवस्थापक, भोसरी

उत्तर : त्या पत्राचा कंपनीला काडीचाही उपयोग नाही, हे आधी वरिष्ठांच्या कानावर घाला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवसांचीच. ९० दिवसांच्या पत्रावर पुरवठादाराने सही केली तरी कायद्यापुढे तो कागद टिकत नाही. उलट मुदत आपल्याला माहीत होती आणि ती टाळायचा प्रयत्न आपण केला, याचा पुरावा मात्र आपल्याच लेटरहेडवर तयार होतो.

तुमची सध्याची पद्धत तारखा लावून पाहा. माल ३ जूनला गेटवर आला. बिल ३० जूनला बुक झाले. तिथून ६० दिवस म्हणजे २९ ऑगस्ट. कागदावर ‘साठ दिवस’, प्रत्यक्षात सत्त्याऐंशी. कायद्याची मोजणी बिल बुक झाल्यापासून होत नाही. ती माल स्वीकारल्यापासून होते आणि एरवी माल हाती आला तो दिवसच स्वीकाराचा धरला जातो. मालात खोट असेल तर १५ दिवसांत लेखी कळवावे लागते. मग ती दूर झाल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. पंचवीस दिवसांनी फोनवरून ‘माल जरा रफ आहे’ असे सांगितल्याने घड्याळ थांबत नाही.

उशिराचे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के होते. १० लाखांच्या बिलाला ४२ दिवस उशीर झाला तर सुमारे १९ हजार रुपये, आणि हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजाही होत नाही. त्यापेक्षा मोठा फटका २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीचा आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे मुदत उलटलेले देणे ३१ मार्चला थकलेले असेल, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. असे १ कोटी थकले, तर सुमारे २५ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला २५ लाखांचा कर आधी भरावा लागतो. मध्यम उद्योगांना ही आयकराची तरतूद लागू नाही, निव्वळ व्यापारी म्हणून नोंद असलेल्यांनाही नाही. तेव्हा व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) नुसते ‘एमएसएमई : होय’ पुरत नाही, सूक्ष्म, लघु की मध्यम, उत्पादन की सेवा की व्यापार, हे दोन रकाने हवेत आणि प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने मागवावे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. लघु उद्योगासाठी गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत चालते. काल ‘मध्यम’ असलेले काही पुरवठादार त्यामुळे आज ‘लघु’ झाले आहेत.

आता उद्यम नोंदणीचे. दोन तोडग्यांपैकी हा जास्त वाईट. पत्र निदान निरुपयोगी आहे. हा खरोखर लागू पडतो, आणि पुरवठादाराच्या मानगुटीवर पाय देऊन लागू पडतो. नोंदणी गेली की उशिराच्या व्याजाचा हक्क गेला, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागायचा रस्ता गेला आणि लघुउद्योग म्हणून मिळणाऱ्या सवलतींनाही तो मुकला. हे तोंडी सांगायचे ठरले आहे, यातच सगळे आले. तुम्ही एवढेच करा : ही सूचना ई-मेलवर लेखी मागा. आमचा अंदाज, ती येणार नाही.

वरिष्ठांपुढे पर्याय घेऊन जायचा तर असा. माल आल्याची नोंद दोन दिवसांत, बिल बुकिंग रोजच्या रोज, पेमेंट आठवड्यातून एकदा. थकबाकीच्या तक्त्यात दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, गेटच्या शिक्क्यापासून मोजायचे. ३५ दिवस झालेली प्रत्येक ओळ फायनान्सच्या टेबलावर लाल रंगात जावी. खेळत्या भांडवलाची खरीच ओढाताण असेल तर ट्रेड्सचा मंच आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची असल्याने तुम्हाला तशीही सुटका नाही. तिथे तुम्ही बिल मान्य केले की बँक पुरवठादाराला लगेच पैसे देते आणि तुमच्याकडून ठरल्या तारखेला घेते. फक्त त्यातले व्याज कोण सोसणार हे स्पष्ट ठरवा. सगळा भार पुरवठादारावर टाकला तर उशिराचा भुर्दंड पुन्हा त्याच्याच खिशातून गेला. आणि ४५ दिवसांवर थकलेली देणी कंपनीला दर सहामाहीला कंपनी निबंधकांकडे कारणासह कळवावी लागतात. ‘कारण’ या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारून पाहा.

प्रश्न : आमच्याकडे पॉवर प्रेसवर कंसांचे (ब्रॅकेट) काम चालते. प्रत्येक प्रेसला दोन हातांची बटणे आहेत, तरी ऑपरेटर एक बटण वॉशर अडकवून दाबून ठेवतात आणि एका हाताने जॉब भरतात. गेल्या महिन्यात एकाची दोन बोटे गेली. मालकांचे म्हणणे, सुरक्षा आम्ही दिली होती, त्याने मोडली. ग्राहक कंपनी एक पैसाही दर वाढवून देत नाही. दोष नक्की कोणाचा धरायचा?
— उत्पादन प्रमुख, चाकण

उत्तर : पॅनेल उघडा. निम्मे उत्तर तिथेच मिळेल.

दोन हातांच्या नियंत्रणाचा रिले नीट असेल तर दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच स्ट्रोक मिळतो, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. एक बटण वॉशरने दाबून ठेवले की प्रेस मुकाट बंद राहायला हवी. तुमच्याकडे ती चालते, म्हणजे तो रिले कधी बसवलाच नव्हता, किंवा कोणीतरी तो बायपास केला आहे. ऑपरेटरकडे पॅनेलची किल्ली नसते. हे काम इलेक्ट्रिशियनचे, आणि इलेक्ट्रिशियन कोणाच्या तरी सांगण्यावरून करतो. ‘त्याने मोडली’ हे वाक्य इथेच गळून पडते.

दुसरी तपासणी टेपने करा. एका हाताचा पंजा पसरून दोन्ही बटणे दाबता येऊ नयेत म्हणून त्यांच्यात किमान २६० मिमी अंतर हवे. हात आणि कोपर वापरूनही जमू नये म्हणून त्याहून जास्त अंतर, किंवा मध्ये पडदी आणि बटणांवर कठडे. मग बटणांपासून डायपर्यंतचे (साच्यापर्यंतचे) अंतर. ते काढायची रीत सोपी आहे : हात सेकंदाला १६०० मिमी वेगाने पुढे येतो असे धरायचे, त्याला प्रेस थांबायला लागणाऱ्या वेळाने गुणायचे आणि त्यात २५० मिमी मिळवायचे. प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल तर ५७० मिमी. ब्रेकचे लायनिंग झिजून तोच वेळ ०.३ सेकंद झाला की ७३० मिमी लागतात. बटणे मात्र पहिल्या दिवशी ठोकली तिथेच असतात. थांबण्याचा वेळ मोजून घेतल्याची शेवटची नोंद कधीची आहे, ते बघा. अनेक शॉपमध्ये अशी वहीच नसते.

तिसरी गोष्ट प्रेसच्या जातीची. न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच (हवेच्या दाबावर चालणारा, फेऱ्यात मध्येच थांबवता येणारा) असेल तर वरचे सगळे हिशेब लागू. जुनी की-क्लचची प्रेस असेल तर ती एकदा सुटली की पूर्ण फेरा मारल्याशिवाय थांबतच नाही. तिथे लाइट कर्टन (हात आडवा येताच प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावणे म्हणजे देखावा. सिग्नल जाईल, रॅम खाली येईलच. त्यातून की झिजली की न मागता दुसरा स्ट्रोक पडतो, आणि बोटे जातात ती बरेचदा या दुसऱ्या स्ट्रोकला. अशा प्रेसवर डायभोवती पक्का गार्ड हवा, किंवा उघडला तर स्ट्रोकच मिळणार नाही असा इंटरलॉकचा गार्ड. डायची उघडझाप ६ मिमीच्या आत ठेवता आली तर बोट आत जातच नाही; पट्टीतून होणाऱ्या ब्लँकिंगसाठी (पत्र्यातून तुकडा कापण्यासाठी) हे जमते, कंसाच्या बेंडिंगला नाही. हाताने भरायचेच असेल तर सरकता डाय, गुरुत्वाकर्षणाची घसरण, चुंबकी चिमटा, आणि जॉब बाहेर काढायला हवेचा फवारा. चिमटा मऊ धातूचा घ्या, नाहीतर डाय फुटतो आणि दुसऱ्याच दिवशी सेटर तो कपाटात ठेवून देतो.

आता बटण बांधले का जाते ते. दोन्ही बटणांनी एका जॉबमागे एक सेकंद जास्त गेला असे समजा. पाळीचे उद्दिष्ट ४,००० नग असेल तर ४,००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटे. बटणे बसवल्यावर उद्दिष्टाचा तक्ता बदलला का? नसेल, तर पाळीतला एक तास कुठून आणायचा हे व्यवस्थापनाने ऑपरेटरवर सोपवले, आणि त्याने तो वॉशरमधून आणला. त्यात उद्दिष्टावर इन्सेंटिव्ह असेल आणि माणूस कंत्राटी असेल, तर नाही म्हणायची त्याची ऐपतही नसते. दोषाची नोंद करताना आदल्या तीन महिन्यांचे उद्दिष्टाचे तक्ते आणि इन्सेंटिव्हची पत्रके चौकशीच्या कागदांना जोडा. ते जोडायला विरोध कोण करतो, तेही लक्षात ठेवा.

दराविषयी. लाइट कर्टन, रिले, ब्रेकचे काम मिळून एका फ्रिक्शन क्लचच्या प्रेसला समजा ३ लाख लागले. दोन पाळ्या, पाळीला ४,००० नग, वर्षाचे ३०० दिवस, तीन वर्षे, म्हणजे ७२ लाख नग. नगामागे चार पैसे. ग्राहकाच्या खरेदी खात्याला कोटेशनमध्ये ‘ओव्हरहेड’ या पोत्यात हे दाखवू नका; ‘प्रेस सुरक्षा, ४ पैसे’ अशी वेगळी ओळ लिहा. ओव्हरहेडवर घासाघीस करणे सोपे. ही ओळ खोडायची तर खोडणाऱ्याला त्यावर स्वतःची सही करावी लागते. बहुतेक मोठ्या वाहन कंपन्यांची पुरवठादारांसाठी आचारसंहिता असते. तिच्यातले सुरक्षेचे कलम कोटेशनला जोडून पाठवा.

जखमी कामगाराची ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी अपघाताआधीची आहे ना? ती कामावर घेतल्यापासून १० दिवसांत व्हायला हवी. अपघाताच्या दिवशीच ‘आजच रुजू झाला’ असे दाखवून नोंदणी करण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. ती उघड झाली तर अपघाताच्या जबाबदारीत खोट्या नोंदीची भर पडते, आणि त्या माणसाचा भरपाईचा दावा लटकतो तो वेगळाच.

भोपाळला १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला तेव्हा टाकीचे शीतकरण बंद ठेवलेले होते आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी काढलेली होती. आकाराची तुलना करायची नाही, पण सुरक्षेचे एक एक साधन ‘तात्पुरते’ बाजूला ठेवायची रीत तीच. म्हणून बायपास करावाच लागला, डाय सेटिंगला कधी कधी लागतो, तर किल्ली एकाच माणसाकडे हवी. वहीत वेळ, कारण आणि परत जोडल्याची सही हवी, आणि उत्पादन सुरू असताना बायपास कोणत्याही कारणाने नको.

प्रश्न : दिवाळीला पुरवठादारांकडून आलेल्या भेटवस्तू घ्याव्यात का?
— स्टोअर प्रमुख, इचलकरंजी

उत्तर : मिठाईचा पुडा सगळ्या विभागात फोडा. रोख, गिफ्ट कार्ड, सोने-चांदी आणि सहल परत करा, रक्कम कितीही असो. मधल्या वस्तूंसाठी कंपनीने एक मर्यादा ठरवून दसऱ्याआधीच पुरवठादारांना पत्राने कळवावी. दिवाळीच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला परत पाठवणे कोणालाही जड जाते. भेट घरच्या पत्त्यावर आली तर तीही नोंदवहीत चढवा. घरचा पत्ता त्यांना दिला कोणी, हेही विचारा.

प्रश्न : कंपनीचा नफा पहिल्यांदाच ५ कोटींवर गेला, त्यामुळे सीएसआर (सामाजिक कामांवरचा सक्तीचा खर्च) लागू झाला. साहेबांच्या मनात तीन गोष्टी आहेत : कारखान्यापर्यंतचा रस्ता, कर्मचाऱ्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि गावच्या जत्रेत कंपनीच्या नावाची कमान. एका संस्थेने असेही सुचवले की १० लाख द्या, ८ लाख रोख परत देतो.
— लेखा व प्रशासन अधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : शेवटच्यापासून सुरू करू. ते सीएसआर नाही, बनावट खर्च आणि काळा पैसा आहे. त्या संस्थेशी पत्रव्यवहारही ठेवू नका.

आधी रक्कम. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के. नफा ४, ५ आणि साडेसहा कोटी असेल तर सरासरी ५.१७ कोटी आणि खर्च सुमारे १० लाख ३३ हजार. हा नफा ताळेबंदातला जसाच्या तसा घ्यायचा नसतो. कलम १९८ प्रमाणे काढावा लागतो, तेव्हा ऑडिटरकडून आकडा घ्या. रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने वेगळी समिती नको, संचालक मंडळच ठरवू शकते.

कमान सरळ बाद. स्वतःच्या मालाची जाहिरात होईल असे प्रायोजकत्व नियमांत वगळलेले आहे. शिष्यवृत्ती फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांना असेल तर तीही बाद. परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी खुली ठेवली, निवड गुण आणि गरज पाहून शाळेने केली, तर चालते. त्यात एखाद्या कर्मचाऱ्याचे मूल आले तर हरकत नाही. रस्त्याचा निकष जागेवर जाऊन लावा : तो तुमच्या गेटपाशी संपतो की पुढे वस्तीपर्यंत जातो? गेटपाशी संपत असेल तर तो कारखान्याचा खर्च आहे, तसाच लिहा. पुढे जात असेल तर ग्रामविकासाखाली मांडता येईल. तरीही पहिल्याच वर्षी ज्यातून सगळ्यात जास्त फायदा आपल्यालाच होतो ते काम निवडू नये, असे आमचे मत.

१० लाखांत काय करावे, हा खरा प्रश्न. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींची स्वच्छतागृहे हे आवडते काम आहे आणि सगळ्यात जास्त फसणारेही. बांधकाम होते, फीत कापली जाते, वर्षभरात कुलूप लागते. कारण बहुधा पाणी. म्हणून अंदाजपत्रक उलट्या बाजूने करा. आधी पाणी कुठून येणार, मग हजार लिटरची टाकी आणि पंपाचे वीजबिल कोण भरणार, मग सफाईचे पैसे. महिना ३,००० धरले तर तीन वर्षांचे १ लाख ८ हजार. हे बाजूला काढून उरलेल्या रकमेत जितकी बसतील तितकीच बांधा. चारऐवजी तीन होतील, पण चालू राहतील. बांधलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती जिल्हा परिषदेकडे द्या आणि देखभालीचा लेखी ठराव शाळा व्यवस्थापन समितीकडून घ्या.

सफाईचा खर्च तीन वर्षांवर पसरणार असेल तर संचालक मंडळाने हे ‘चालू प्रकल्प’ म्हणून ठरावात नोंदवावे. मग न खर्चलेली रक्कम ३१ मार्चनंतर ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, स्वतंत्र बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. तसा ठराव नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. बहुतेकांचा गोंधळ इथे होतो : ठराव फेब्रुवारीत व्हायला हवा असतो आणि आठवण एप्रिलमध्ये होते.

संस्थेमार्फत काम केले तर तिचा सीएसआर नोंदणी क्रमांक आधी पाहा. पैसे एकदम देऊ नका. जोत्यापर्यंत ४० टक्के, छपरापर्यंत ४०, नळाला पाणी आल्यावर २०. संस्थेने पैसे ठरल्याप्रमाणे वापरले, हे वित्त प्रमुखाला प्रमाणित करावे लागते; सही करण्याआधी त्यांनी नळ स्वतः उघडून बघितलेला बरा.

प्रश्न : विभागीय विक्री प्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आली आहे. विक्रीचा मोठा वाटा त्याच्याकडून येतो. संचालकांचे मत, दोघांना समोर बसवून मिटवा, किंवा मुलीची दुसऱ्या शाखेत बदली करा.
— मनुष्यबळ अधिकारी, नाशिक

उत्तर : दोन्ही नाही. तडजोड फक्त तक्रारदाराने स्वतः मागितली तर, चौकशी सुरू होण्याआधी आणि पैशांचा व्यवहार न ठेवता. बदलीही तिने लेखी मागितली तरच. नको असेल तर चौकशीपर्यंत त्याला तिच्या कामाच्या मूल्यमापनापासून दूर ठेवता येते. तिला हवी असेल तर तीन महिन्यांपर्यंतची रजा कंपनीची अंतर्गत तक्रार समिती सुचवू शकते, ती तिच्या नेहमीच्या रजेतून कापायची नसते.

पुढची घड्याळे पाळा. तक्रारीची प्रत त्याला ७ कामकाजाच्या दिवसांत, त्याचे उत्तर १० कामकाजाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि कंपनीची कारवाई ६० दिवसांत. बैठकीला अध्यक्षांसह किमान तिघे हवेत, अध्यक्ष महिलाच, समितीतल्या किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. बाहेरचा सदस्य म्हणजे कंपनीच्या वकिलाचा मित्र नव्हे. २०२३ साली गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घाईने उरकलेली चौकशी रद्द केली आणि समित्यांच्या कारभारावर सगळ्यांनाच निर्देश दिले. म्हणजे आरोपीलाही बोलायची पूर्ण संधी द्यायला हवी, नाहीतर सगळी मेहनत फुकट जाते. त्याने मध्येच राजीनामा दिला तरी चौकशी पूर्ण करून निष्कर्ष नोंदवा. विक्रीच्या आकड्याचा उल्लेख समितीपुढच्या एकाही कागदावर येऊ देऊ नका.

प्रश्न : परवान्यांसाठी आम्ही सल्लागार नेमतो. तो ‘पॅकेज’ घेतो, आत काय करतो ते आम्ही विचारत नाही. आमच्यावर काही येते का?
— लघुउद्योजक, ठाणे

उत्तर : येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, आणि तुमच्या वतीने तिसऱ्याने दिली तरी ती व्यावसायिक संस्थेवर येते. संचालकाची संमती किंवा कानाडोळा सिद्ध झाला तर त्याच्यावरही. ‘विचारत नाही’ हा बचाव नाही. बचाव आहे तो लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था तुम्ही ठेवली होती, हे दाखवण्याचा. त्यासाठी करारात कामांची यादी आणि प्रत्येकाची सरकारी फी वेगळी लिहा, पावतीशिवाय परतफेड नाही, पैसे फक्त बँकेतून. बिलावर नुसते ‘लायझनिंग’ असेल तर परत करा. सल्लागाराची फी वाचलेल्या दिवसांवर किंवा दंडावर ठरत असेल तर समजून जा.

जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास संरक्षण आहे. द्यायच्या आधीच १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन केला तर जास्त चांगले.

प्रश्न : ३१ मार्चला डीलरांच्या नावे मोठी बिले काढली, माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला आणि न खपलेला परत घेऊ असे त्यांना तोंडी सांगितले आहे. नोंदी माझ्या लॉगिनमधून करायला सांगतात. नोकरी सोडणे परवडणारे नाही.
— सहायक लेखापाल, पुणे

उत्तर : बिल निघाले म्हणजे विक्री झाली असे नाही, मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेला तेव्हा ती होते. माल विकून गोदामात ठेवता येतो, पण त्यासाठी ग्राहकाने स्वतः तशी मागणी केलेली हवी, त्याचा माल वेगळा ओळखू येईल असा ठेवलेला हवा, न्यायला तयार हवा आणि दुसऱ्याला देता येणार नाही असा हवा. तुमच्या प्रकरणात पहिलीच अट पडते. वर परतीची तोंडी हमी आहे, म्हणजे जितका माल परत येणार तितकी विक्री मुळातच नाही.

हे लपतही नाही. वर्षअखेरच्या आधीची आणि नंतरची काही बिले घेऊन ऑडिटर ती गेट पास, ई-वे बिल आणि बिल्टीच्या तारखांशी ताडून पाहतो. एप्रिल-मेमधल्या क्रेडिट नोटांची (माल परत घेऊन बिल कमी केल्याच्या कागदांची) यादी काढली की उरलेले चित्र दिसते. आणि पुढच्या मार्चला या वर्षीची भोकं बुजवून वर आणखी वाढ दाखवावी लागते, म्हणून आकडा दरवर्षी फुगतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी कबुली दिली तेव्हा पुस्तकातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती. ती एका मार्चमध्ये तयार झालेली नव्हती.

तुम्ही काय करावे? नकार देऊ नका, कागद मागा. ‘या बिलांसोबत डिलिव्हरीचा पुरावा जोडायचा आहे, कृपया पाठवावा’ असा साधा ई-मेल, बिल क्रमांकांसह. पासवर्ड कोणालाही देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय सक्तीची आहे. नोंद कोणाच्या लॉगिनमधून आणि किती वाजता झाली, ते तिथे राहते. कंपनीचे कागद स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. मग चर्चा बिलांवरून सरकून तुमच्या डेटाचोरीवर येते.

कंपनी सूचीबद्ध असेल, लोकांकडून ठेवी घेत असेल किंवा बँकांकडून ५० कोटींवर कर्ज घेतलेले असेल, तर तक्रारीची संरक्षित यंत्रणा असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि योग्य प्रकरणी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता येते. तक्रारीत विशेषणे नकोत. बिल क्रमांक, रक्कम, बिलाची तारीख, गेट पासची तारीख, एवढे चार रकाने पुरतात. यापैकी काहीच लागू नसेल तर वैधानिक ऑडिटर. १ कोटी किंवा त्यावरची अफरातफर आढळली तर त्यांना दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा समितीला लिहावे लागते, ४५ दिवस उत्तराची वाट पाहावी लागते आणि त्यानंतर १५ दिवसांत केंद्र सरकारला कळवावे लागते. ऑडिट टीम मे-जूनमध्ये ऑफिसात बसलेली असते. मार्चच्या बिलांची फाइल त्यांनी मागितली की ती पूर्ण द्या, गेट पाससकट.